बदललेल्या गुडघ्याचा हिशेब

ज्या समाजात देवळाच्या वाटेला चिऱ्याच्या पायऱ्या असतात, जेवणाची पंगत जमिनीवर बसते, भजनी सप्ताहात रात्र रात्र मांडी मोडत नाही आणि भाताची लावणी चिखलात कमरेतून वाकून होते, त्या समाजात गुडघा हा नुसता शरीराचा एक सांधा नसतो. माणसाचा चारचौघांतला वावर त्याच्यावर उभा असतो. गुडघा निकामी झालेली व्यक्ती प्रथम देवळात जाणे सोडते, मग बाजारात, मग शेजारीपाजारी. आणि शेवटी घरातल्या घरात एका खुर्चीची होऊन राहते. औषधाच्या डब्यातील वेदनाशामक गोळ्या वाढत जातात आणि दारात येणाऱ्या माणसांची वर्दळ कमी होत जाते. वार्धक्याचा हा भोग अटळ आहे असे मानून आमच्या आज्या-पणज्यांनी तो निमूटपणे सोसला. आजच्या पिढीला तो तसा सोसण्याचे कारण उरलेले नाही, हे वैद्यकशास्त्राचे मोठेच उपकार होत.

गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया आता आमच्याकडे कोणाला अपरिचित राहिलेली नाही. ऑक्टोबर २००० मध्ये आणि पुन्हा जून २००१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एकेका गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी इस्पितळात ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. आज गोव्यातल्या गोव्यात ती होते. बेळगाव वा मुंबईची वाट धरावीच लागते असे नाही. वर्तमानपत्रांतून, रस्त्याकडेच्या फलकांवरून तिची जाहिरात होते आणि लग्नसमारंभात दोन वृद्ध स्त्रिया शेजारी बसल्या की ‘तुम्ही एक केलात की दोन्ही?’ असा प्रश्न सहज निघतो. असे असूनही या शस्त्रक्रियेविषयी समाजात दोन टोकांचे समज नांदताना दिसतात. एका पक्षाला वाटते, स्कूटरचा झिजलेला भाग बदलावा तसा गुडघा बदलला की माणूस पुन्हा पंचविशीचा झाला. दुसऱ्या पक्षाला वाटते, हाडाला सुरी लागली की माणूस कायमचा पांगळा झाला. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. आणि ते दूर करण्याचा मार्ग म्हणजे या शस्त्रक्रियेच्या दीर्घकालीन फलिताचा जो हिशेब जगाजवळ आज जमा आहे तो शांतपणे वाचणे.

मुळात हा रोग कोणता, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांस भेटतात तेथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वयपरत्वे, वजनाच्या भाराने, जुन्या दुखापतीमुळे अथवा आनुवंशिकतेने हे आवरण विरत जाते. हाडांच्या कडांना काटे फुटतात. सांध्याला सूज येते. पुढे पाय बाहेरच्या बाजूस धनुष्यासारखे वाकतात. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे लोक म्हणतात ते यालाच. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन वैद्यांनी १९५७ साली क्ष-किरण चित्रावरून या झिजेच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्यांतील चौथी, म्हणजे शेवटची पायरी गाठलेल्या गुडघ्यात हाडावर हाड घासू लागते. भारतातील पाच ठिकाणच्या लोकवस्त्यांची पाहणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण शेकडा २८ हून अधिक आढळले आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते जास्त भरले. गोव्यापुरते बोलायचे तर २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात शेकडा ८.६ असताना गोव्यात ते ११ च्या वर होते. तेव्हा हा प्रश्न आमच्या दारातला आहे. कोणा परक्या देशाचा नव्हे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास अपयशातून शिकण्याचा इतिहास आहे. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंताचा बिजागरीवजा गुडघा बसवून पाहिला. जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. पुढे इंग्लंडात रायटिंग्टन येथे सर जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी प्रथम टेफ्लॉनचा अवलंब केला. सुमारे तीनशे रुग्णांना असे सांधे बसवल्यावर तीन-चार वर्षांत ते झिजून निकामी होऊ लागले. चार्नलींनी ते अपयश लपवले नाही. ते सांधे त्यांनी पुन्हा उघडले, झिजेची मापे घेतली आणि टेफ्लॉनचा कण शरीराला कितपत मानवतो हे पाहण्यासाठी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. १९६२ साली त्यांनी घट्ट पॉलिथिलीनचा स्वीकार केला आणि सांधेरोपणाचे नवे युग सुरू झाले. त्याच रायटिंग्टनमध्ये १९६८ साली फ्रँक गन्स्टन यांनी गुडघ्यासाठी नव्या पद्धतीचा सांधा बसवला. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत यांच्या प्रयत्नांतून आजच्या गुडघ्याचा मूळ नमुना तयार झाला. यांपैकी राणावत हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. वाजपेयींच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया केली ती त्यांनीच. इंदुरात ज्यांची नाती आहेत अशा मराठी कुटुंबांना याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे.

आज बसवला जाणारा गुडघा म्हणजे तरी काय? नावाप्रमाणे संपूर्ण गुडघा काही बदलला जात नाही. मांडीच्या हाडाचे झिजलेले टोक तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसवतात आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी घालतात. बहुधा हे सारे हाडाच्या सिमेंटने पक्के केले जाते. या गादीवर पडणारा भार वाचकांनी मनाशी मोजून पाहावा. दिवसाला पाच हजार पावले चालणाऱ्या व्यक्तीचा एक गुडघा दिवसाला अडीच हजार वेळा, वर्षाला नऊ लाखांहून अधिक वेळा आणि पंचवीस वर्षांत दोन कोटींहून अधिक वेळा वाकतो आणि भार घेतो. शरीरातील कूर्चा स्वतःची थोडीफार डागडुजी करू शकते. निर्जीव गादी तेवढेही करू शकत नाही. ती झिजते, तिचे सूक्ष्म कण सांध्यात पसरतात, शरीर त्या कणांशी झगडू लागते आणि त्या झगड्यात भोवतालचे हाड पोखरले जाऊन सांधा सैल होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा गुडघा टिकतो किती? ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलिया व फिनलंड या देशांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांतील सुमारे तीन लाख संपूर्ण गुडघेरोपणांचा हिशेब मांडला. त्यांच्या निष्कर्षानुसार १५ वर्षांनी शंभरापैकी सुमारे ९३, २० वर्षांनी सुमारे ९० आणि २५ वर्षांनी सुमारे ८२ गुडघे पुन्हा बदलावे न लागता जागेवर होते. गुडघ्याचा केवळ एकच कप्पा बदलण्याची जी छोटी शस्त्रक्रिया असते तिच्या बाबतीत २५ वर्षांचा आकडा ७० च्या आसपास येतो. मनुष्याने घडवलेली, रात्रंदिवस भार वाहणारी, शरीराच्या ओलाव्यात बुडून राहिलेली दुसरी कोणती वस्तू पाव शतक अशी सेवा देते? वार्धक्यात खुर्चीला जखडलेल्या कोट्यवधी माणसांना या शस्त्रक्रियेने पायांवर उभे केले आहे. जे तिला ‘कापाकापी’ म्हणून हिणवतात त्यांनी हे आकडे डोळ्यांखालून घालावेत.

परंतु आकडा जे सांगतो त्याइतकेच तो जे सांगत नाही तेही महत्त्वाचे असते. या हिशेबाला तीन पुरवण्या जोडल्यावाचून तो पुरा होत नाही.

पहिली पुरवणी वेदनेची. ‘गुडघा टिकला’ याचा अर्थ नोंदवहीच्या भाषेत एवढाच की तो पुन्हा बदलावा लागला नाही. तो दुखतो की नाही, हे नोंदवहीचा तो रकाना सांगत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, चांगल्या प्रतीच्या अभ्यासांवर विसंबले तर गुडघेरोपणानंतर शंभरापैकी सुमारे वीस रुग्णांना दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहते असे दिसून आले. कॅनडातील आँटारिओ प्रांतात १,७०३ रुग्णांना विचारून २०१० साली जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यातही दर पाचांपैकी जवळजवळ एक जण समाधानी नव्हता. असमाधानाचे सर्वांत प्रबळ कारण कोणते आढळले? शस्त्रक्रियेपूर्वी मनात बाळगलेली अपेक्षा पुरी झाली नाही, हे. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. पाचांपैकी चौघे समाधानी आहेत ही आनंदाची गोष्ट खरी; पण पाचव्याला आधी कोणी सावध केले होते काय? ‘तीन दिवसांत चालू लागाल’ ही जाहिरात खोटी नाही. माणूस बहुधा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून पावले टाकू लागतो. मात्र खरा पडताळा तीन दिवसांचा नसतो. तो तीन महिन्यांच्या कष्टाळू व्यायामाचा, वर्षभराच्या धीराचा आणि त्यानंतरच्या वीस वर्षांचा असतो.

दुसरी पुरवणी वयाची. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात असे आढळले की, सत्तरीनंतर ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांपैकी हयातीत ती पुन्हा करण्याची वेळ शंभरात सुमारे पाचांवरच येते, पण पन्नाशीच्या आरंभी ती करून घेणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा ३५ पर्यंत चढते. त्याच वयाच्या स्त्रियांत ते बरेच कमी असले तरी वृद्धांच्या मानाने अधिकच. कारण उघड आहे: तरुण माणूस अधिक चालतो, अधिक वजन उचलतो आणि अधिक वर्षे जगतो. दुसऱ्यांदा करावयाची शस्त्रक्रिया ही पहिलीची पुनरावृत्ती नसते. जुना सांधा काढताना हाड आणखी जाते, अधिक मोठे व महागडे साहित्य लागते, संसर्गाचा धोका वाढतो आणि फलितही पहिल्याइतके चांगले मिळत नाही. म्हणून पन्नाशीच्या माणसाला आणि पंचाहत्तरीच्या माणसाला एकच सल्ला देणारा वैद्य पुरता विचार करून बोलत नाही, असे आम्हांला म्हणावे लागते.

तिसरी पुरवणी आमच्या जीवनपद्धतीची. हे आकडे खुर्चीवर बसून जेवणाऱ्या समाजांचे आहेत. कृत्रिम गुडघा सामान्यतः ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. जिना चढायला, खुर्चीवरून उठायला, मोटारीत बसायला तेवढे पुरते. उकिडवे बसायला, मांडी घालायला, विळीवर नारळ खवायला, देवापुढे लोटांगण घालून उठायला ते पुरेलच असे नाही. आणि पुरले तरी शल्यविशारद बहुधा तशी बैठक टाळायलाच सांगतात. ‘अधिक वाकणारा’ म्हणून जादा किमतीला विकल्या गेलेल्या नमुन्यांनी साध्या नमुन्यांच्या तुलनेत ठोस लाभ दाखवला नाही. तेव्हा ज्या आजीबाईंना नवे गुडघे बसणार त्यांच्या घरी न्हाणीत धरायला दांडी, कमोडची सोय, बेताच्या उंचीची खुर्ची आणि देवघरासमोर एक चौरंगवजा आसन यांची तरतूद शस्त्रक्रियेच्या आधी व्हावी. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला पोहोचत नाही, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले आमच्या वाचनात नाही. उलट आमच्या देवस्थानांनी सभामंडपात वृद्धांसाठी चार खुर्च्या अधिक मांडल्या आणि पायऱ्यांना कठडा बसवला तर तेही एक पुण्यकर्मच ठरेल.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. सांधेरोपणानंतर शंभरात एक-दोघांच्या गुडघ्यात जंतुसंसर्ग होतो. तो कधी पहिल्या आठवड्यांत, तर कधी कित्येक वर्षांनी दाताच्या, त्वचेच्या वा मूत्रमार्गाच्या विकारातून रक्तावाटे तेथे पोहोचतो. मधुमेहींना हा धोका अधिक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, शेकडा २६.४ इतके, आढळले हे वाचकांच्या स्मरणात असेलच. म्हणजे येथे गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने प्रथम आपल्या रक्तातील साखरेचा बंदोबस्त केला पाहिजे. आणि शस्त्रक्रिया झाल्यावरही दात व पाय यांची हयातभर निगा राखली पाहिजे. नवा गुडघा बसला म्हणून वैद्याशी संबंध संपत नाही.

शस्त्रक्रियेवाचून काही होण्यासारखे आहे काय, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर केलेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. शस्त्रक्रियेस पात्र ठरलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि व्यायाम, तर निम्म्यांना केवळ देखरेखीखालील व्यायाम, आहाराचा सल्ला, योग्य पायताण व औषधे देण्यात आली. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील सुधारणा दुपटीने अधिक होती. पण दुसऱ्या गटातही शंभरापैकी ६७ जणांना लक्षणीय आराम पडला होता आणि दोन वर्षांनंतरही त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना सुरीखाली जावे लागले नव्हते. गंभीर उपद्रवांची संख्या मात्र शस्त्रक्रियेच्या गटात २४, तर दुसऱ्यात ६ होती. वजनाचे गणितही असेच आहे: शरीराचे वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम, दहा किलोंनी घटवलेले वजन आणि हातात एक काठी, एवढ्यावर कित्येकांची पाच-दहा वर्षे सुखाची जातात. काठीची लाज वाटावी असे तिच्यात काही नाही.

याचा अर्थ शस्त्रक्रिया शक्य तितकी लांबणीवर टाकावी असा मात्र कोणी घेऊ नये. आमच्याकडचा मोठा दोष घाईचा तसाच दिरंगाईचाही आहे. श्रीमंताघरी गुडघा जरा कुरकुरला की लगेच तारीख ठरते. आणि ज्या बाईचे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात लावणी करण्यात, चार घरची धुणीभांडी करण्यात अथवा डोक्यावरून मासळीची पाटी वाहण्यात गेले, ती मात्र पाय धनुष्यासारखे वाकून, सांधा कायमचा आखडून गेल्यावर इस्पितळाची पायरी चढते. तोवर स्नायू गळालेले असतात, हाड खचलेले असते, आणि वर्षानुवर्षे खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठर व मूत्रपिंड यांचे नुकसान केलेले असते. चौथ्या पायरीची झीज, रात्रीची झोप मोडणारी वेदना, व्यायाम व औषधे यांना न जुमानणारा त्रास आणि दोनशे पावलेही न चालवणे, ही चार लक्षणे एकत्र आली की शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवण्यात शहाणपण नाही. ज्याला गरज नाही त्याच्यावर शस्त्रक्रिया होणे हा जसा अन्याय, तसाच ज्याला गरज आहे त्याला ती न मिळणे हाही अन्यायच. आणि हा दुसरा अन्याय मुका असल्यामुळे अधिक क्रूर आहे.

येथे पैशाचा प्रश्न आडवा येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. ज्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती तो करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांना देणे भाग पडले. कारखान्यातून निघालेली वस्तू रुग्णापर्यंत पोहोचेतो मधल्या हातांचा नफा शेकडा ३१३ पर्यंत जात होता, हे प्राधिकरणानेच उघड केले. इतकी वर्षे वेदनेने विव्हळणाऱ्या माणसांच्या खिशातून हा नफा निघत होता! किंमत बांधून देण्याचे ते पाऊल योग्यच होते. पण सांध्याची किंमत हा एकूण बिलाचा एक भाग असतो. खोलीचे भाडे, शल्यविशारदाचे शुल्क, तपासण्या, यंत्रमानवाच्या साहाय्याने केल्याबद्दलचा जादा आकार, या वाटांनी बिल पुन्हा फुगू शकते. संपूर्ण गुडघेरोपणात ही यंत्रे सर्रास दिसू लागली ती गेल्या दशकात. जी गोष्ट येऊन दहा वर्षे झाली तिचा पंचवीस वर्षांचा पडताळा कोणाच्याही पोतडीत असू शकत नाही. तेव्हा ‘यंत्राने बसवलेला सांधा जन्मभर टिकतो’ असे जो सांगतो तो ज्योतिष सांगतो, वैद्यक नव्हे.

आणि म्हणूनच आम्ही आमच्या मुख्य मागणीकडे येतो. गुडघा किती टिकतो याचे वर दिलेले सारे आकडे परदेशांतून आलेले आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. याचे कारण त्या देशांनी वह्या ठेवल्या. स्वीडनने १९७५ पासून देशात बसवल्या जाणाऱ्या गुडघ्यांची नोंद ठेवली. फिनलंडने १९८० पासून, ऑस्ट्रेलियाने १९९९ पासून आणि इंग्लंड-वेल्सने २००३ पासून. कोणता सांधा, कोणत्या रुग्णाला, कोणत्या इस्पितळात बसवला आणि तो पुन्हा उघडावा लागला काय, एवढी साधी माहिती. पण तिच्यामुळे वाईट नमुना लवकर उघडा पडतो. धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा २०१० साली जगभरच्या बाजारातून मागे घ्यावा लागला. तो सदोष असल्याचा इशारा आरंभीच देणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाची नोंदवही होती. भारतात तोच खुबा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. भरपाई देण्याची वेळ आली तेव्हा त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना! ज्यांच्या शरीरात तो धातू विरघळत होता त्यांना त्याचा पत्ता नव्हता, आणि ज्यांनी तो बसवला त्यांना रुग्णांचा पत्ता नव्हता. नोंद न ठेवण्याची किंमत कोण मोजतो, याचे याहून धडधडीत उदाहरण कोणते हवे?

भारतातील सांधेरोपण शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ साली एक नोंदवही सुरू केली, ही अभिनंदनीय गोष्ट आहे. पण ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल तो नोंद करतो. ऐच्छिक वहीत यशे आपण होऊन चालत येतात. अपयशांना मात्र हाताला धरून आणावे लागते. आमचे म्हणणे असे की, हे काम गोव्यासारख्या छोट्या राज्याने आरंभावे. मोजक्या जिल्ह्यांचे हे राज्य. शल्यविशारद एकमेकांना नावाने ओळखतात. १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणारे महाविद्यालय बांबोळीला उभे आहे. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक इस्पितळाने प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंद केलीच पाहिजे असा नियम येथे करणे अवघड नाही. आयुष्मान भारत योजनेत गुडघेरोपणाचा समावेश आहे. ज्या शस्त्रक्रियेचे पैसे जनतेच्या तिजोरीतून जातात तिचे पाच, दहा आणि वीस वर्षांनी काय झाले, हे विचारण्याचा जनतेला हक्क आहे. शिवाय आमच्या नोंदवहीत आणखी दोन रकाने असावेत: रुग्ण जमिनीवर बसतो काय, आणि त्याला अजून वेदना आहे काय. बसण्या-उठण्याच्या आपल्या पद्धतीत हा सांधा किती टिकतो, या प्रश्नाचे उत्तर स्टॉकहोम किंवा सिडनीहून येणार नाही. ते आपल्यालाच मिळवावे लागेल. आरोग्य खात्याने या सूचनेचा गांभीर्याने विचार करावा आणि विधानसभेतील एखाद्या सदस्याने हा प्रश्न धसास लावावा.

तोवर कुटुंबांनी काय करावे? शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी वैद्याला काही साधे प्रश्न विचारावेत. माझ्या आईची झीज कितव्या पायरीची आहे? तीन महिने मन लावून व्यायाम करून पाहिला काय? तिच्या वयाच्या आणि तिच्यासारखा मधुमेह असलेल्या रुग्णांचा तुमचा स्वतःचा अनुभव काय? दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्याची निकड खरोखर आहे काय, आणि तिचे हृदय ते सोसेल काय? कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा सांधा बसवणार, आणि त्याचे लेबल मला मिळेल काय? हे लेबल घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत, जमिनीच्या उताऱ्याशेजारी, जपून ठेवण्याजोगे आहे. चांगला शल्यविशारद अशा प्रश्नांनी रागावत नाही; रागावला तर दुसऱ्याकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. आणि शेवटचा प्रश्न कुटुंबाने वैद्याला नव्हे, तर स्वतःला विचारावा: शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ तिच्याजवळ बसून तिचा गुडघा वाकवून घेण्याचे काम कोण करणार? परदेशातून पैसे पाठवणारा मुलगा शस्त्रक्रियेचा खर्च भागवू शकतो. व्यायामाच्या वेळी हात धरायला घरात माणूसच लागते.

धातू आणि पॉलिथिलीन यांनी आपले काम चोख बजावले आहे. पन्नास वर्षांचा दाखला त्यांच्या बाजूने उभा आहे. आता पाळी आहे ती माणसांची. वैद्याने खरे सांगावे, व्यापाऱ्याने माफक नफा घ्यावा, सरकारने वही ठेवावी आणि घरच्यांनी वेळ द्यावा. वृद्धांना पुन्हा चालते करण्याचे सामर्थ्य शास्त्राने आपल्या हाती दिले आहे. ते कोणाला, केव्हा आणि कितीला मिळावे याचा निवाडा जाहिरातदारांवर सोपवणे आम्हांस मान्य नाही.